आधी अनुभव, मग मतदान: स्टॉकहोमच्या कोंडी कराचे प्रकरण

प्रकरण थोडक्यात

३ जानेवारी २००६ ते ३१ जुलै २००६ या सात महिन्यांत स्टॉकहोम शहराच्या मध्यभागात मोटार घेऊन शिरण्यावर आणि तिथून बाहेर पडण्यावर कर लावण्यात आला. १ ऑगस्टला तो बंद झाला, १७ सप्टेंबरला नागरिकांनी त्याच्यावर मतदान केले आणि १ ऑगस्ट २००७ पासून तो कायमचा लागू झाला. एखाद्या स्थानिक धोरणामुळे लोकांचे गाडी चालवणे नेमके किती घटले किंवा वाढले, हे एरवी सांगता येत नाही, कारण त्याच काळात इंधनाचे भाव बदलतात, नोकऱ्यांच्या जागा बदलतात, नव्या वसाहती उभ्या राहतात आणि या सगळ्याची सरमिसळ होते. इथे मात्र धोरण ठरल्या तारखेला आले, ठरल्या तारखेला गेले, पुन्हा आले, आणि प्रत्येक वेळी पुलांवरच्या गाड्या मोजल्या गेल्या. नगरनियोजनात रस असलेल्या कोणालाही मी सर्वांत आधी हेच प्रकरण वाचायला सांगतो. पुढील लेखनात निर्णय घेणाऱ्या व्यक्तींचा उल्लेख नावाने न करता पदाने केला आहे, कारण इथे निर्णय कोणत्या क्रमाने घेतले गेले हे तपासायचे आहे.

पार्श्वभूमी

मेलारेन सरोवराचे पाणी जिथे बाल्टिक समुद्राला मिळते तिथे, बेटांवर स्टॉकहोम वसलेले आहे. त्यामुळे शहराच्या मध्यभागात यायचे तर बहुतेक वाटा पुलांवरूनच येतात. वाहनकोंडी होते तीही प्रामुख्याने याच पुलांवर आणि त्यांना जोडणाऱ्या रस्त्यांवर.

परंतु या प्रकरणाची खरी सुरुवात पुलांपासून होत नाही, ती जमिनीपासून होते. शहराच्या पालिकेने १९०४ पासून वेशीबाहेरची जमीन विकत घ्यायला सुरुवात केली होती. पुढे १९५० साली मेट्रोचा पहिला मार्ग सुरू झाला, १९५२ साली शहराचा सर्वसाधारण विकास आराखडा आला, आणि पालिकेच्या हाती असलेल्या त्या जमिनीवर मेट्रोच्या मार्गालगत एकेक उपनगर उभे राहू लागले. १९५४ साली खुले झालेले वेलिंगब्यू हे त्यातले सर्वांत गाजलेले उदाहरण. स्थानकाला लागून बाजारपेठ आणि कार्यालये, त्यांच्या भोवती चालत जाण्याच्या अंतरावर उंच इमारती, आणि त्यापलीकडे कमी उंचीची घरे अशी त्याची रचना होती. घर, काम आणि बाजार एकाच ठिकाणी असावेत, ही त्यामागची कल्पना होती. कामाच्या बाबतीत ती पुरती साधली नाही, लोक मोठ्या संख्येने शहराच्या मध्यभागातच नोकरीला जात राहिले, पण ते मेट्रोने जात राहिले. २००५ च्या सुमारास गर्दीच्या वेळी मध्यभागात येणाऱ्यांपैकी निम्म्याहून बरेच अधिक लोक सार्वजनिक वाहतुकीने येत होते. एका पिढीने घेतलेला जमिनीचा निर्णय दुसऱ्या पिढीच्या रोजच्या प्रवासाला असे वळण लावतो, आणि प्रवास करणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

याच काळात मोटारीसाठीही रस्ते बांधले जात होते. मध्यभागाच्या पश्चिम कडेने जाणारा एसिंगेलेडेन हा द्रुतमार्ग १९६६ साली सुरू झाला आणि उत्तर-दक्षिण जाणाऱ्या वाहतुकीचा मोठा भार त्याच्यावर आला. ही बाब पुढे महत्त्वाची ठरते.

प्रश्न

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला राष्ट्रीय पक्षांनी मध्यवर्ती बँकेच्या तत्कालीन गव्हर्नरांच्या मध्यस्थीने एक मोठा करार केला. शहराभोवती वर्तुळाकार रस्ता, सार्वजनिक वाहतुकीत गुंतवणूक आणि या खर्चासाठी मोटारींवर पथकर, असे त्याचे स्वरूप होते. हा करार १९९७ साली मोडीत निघाला. रस्त्याला विरोध करणारे पथकरावर खूश होते आणि पथकराला विरोध करणारे रस्त्यावर खूश होते, पण दोन्ही एकत्र नको म्हणणाऱ्यांची संख्या प्रत्येक बाजूला वाढत गेली. त्या कराराने मागे ठेवले ते काही सुटे रस्ते आणि एक प्रश्न: मध्यभागातली मोटार वाहतूक कमी करायची तर ती कशाने होईल?

प्रश्न दिसतो तितका सरळ नव्हता. ज्या शहरातले बहुसंख्य लोक आधीच मेट्रोने आणि बसने फिरतात, तिथे उरलेले मोटारचालक हे ज्यांना मोटारीवाचून गत्यंतर नाही असेच लोक असणार, असा सर्वांचा समज होता. हा समज खरा असता तर कोणत्याही कराने त्यांचे गाडी चालवणे कमी झाले नसते, फक्त त्यांचा खिसा रिकामा झाला असता. विरोधकांचा सर्वांत बळकट मुद्दा हाच होता, आणि तो प्रामाणिक होता.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय नवे रस्ते बांधण्याचा. दक्षिणेकडून मध्यभागाला वळसा घालणारा बोगदामार्ग २००४ साली सुरू झालाच. पण गजबजलेल्या शहराभोवती रस्ता वाढवला की काही काळ प्रवास सुकर होतो, त्या सुकरतेमुळे जे लोक पूर्वी गाडी काढत नव्हते ते काढू लागतात, जे जवळ जात होते ते लांब जाऊ लागतात, आणि कोंडी पुन्हा पूर्वपदावर येते. स्टॉकहोमच्या नियोजनकारांना हे ठाऊक होते.

दुसरा पर्याय वाहनतळाचे दर वाढवण्याचा. तो पालिकेच्या स्वतःच्या अधिकारातला होता आणि त्यासाठी राष्ट्रीय संसदेकडे जावे लागणार नव्हते. मात्र शहरातून नुसत्या आरपार जाणाऱ्या गाडीला वाहनतळ लागतच नाही, आणि ज्याला मालकाकडून कार्यालयाच्या तळघरात फुकट जागा मिळते त्याला रस्त्यावरचा दर कितीही वाढला तरी झळ पोहोचत नाही. कोंडी ज्या पुलांवर होत होती तिथे या उपायाचा हात पोहोचत नव्हता.

तिसरा पर्याय बससेवा वाढवण्याचा होता. या पर्यायावर कोणाचेच दुमत नसते. सत्ताधारी, विरोधक, वृत्तपत्रे सगळे त्याच्या बाजूने असतात. लोकांना चांगला पर्याय दिला की ते आपण होऊन गाडी घरी ठेवतील, हे वाक्य आपल्याकडेही प्रत्येक परिसंवादात ऐकू येते.

चौथा पर्याय मध्यभागाभोवती सीमा आखून ती ओलांडण्यावर कर घेण्याचा. सिंगापूरने १९७५ पासून या दिशेने काम केले होते आणि लंडनने १७ फेब्रुवारी २००३ पासून दिवसाला ५ पौंड असा सरसकट आकार सुरू केला होता. लंडनच्या पद्धतीत एकदा पैसे भरले की दिवसभर कितीही वेळा, कोणत्याही वेळी फिरता येत असे. स्टॉकहोममध्ये वेळेनुसार बदलणारा दर सुचवण्यात आला, कारण उद्देश सकाळची आणि संध्याकाळची दाटी फोडण्याचा होता.

भूगोलामुळे हा चौथा पर्याय स्टॉकहोमला विशेष सोयीचा होता. बहुतेक वाटा पुलांवरून येत असल्याने अवघ्या १८ ठिकाणी नोंद ठेवली की अख्ख्या मध्यभागाला वेस घातल्यासारखे होत होते. मराठी वाचकाला इथे मुंबई आठवणे साहजिक आहे. दहिसर, मुलुंडचे दोन, ऐरोली आणि वाशी या पाच नाक्यांवर मुंबईत येणाऱ्या गाड्यांकडून अनेक वर्षे पथकर घेतला जात होता, पण तो उड्डाणपुलांचा खर्च वसूल करण्यासाठी होता; पहाटे येणाऱ्याला आणि ऐन गर्दीत येणाऱ्याला दर एकच. ऑक्टोबर २०२४ मध्ये मोटारी आणि इतर हलक्या वाहनांना तो माफ करण्यात आला. म्हणजे वेस होती, नाके होते, वसुलीची सवय होती, आणि तरीही त्या व्यवस्थेचा गाडी कधी काढावी आणि कधी काढू नये या निर्णयाशी संबंध जोडला गेला नाही. मला हे फार मोठे राहून गेलेले काम वाटते.

निर्णयाची वळणे

*दिलेला शब्द.* २००२ च्या निवडणुकीपूर्वी, पुढे शहराच्या महापौर झालेल्या उमेदवारांनी येत्या कार्यकाळात असा कर आणणार नाही, असे जाहीर आश्वासन दिले होते. निवडणुकीनंतर राष्ट्रीय पातळीवर त्यांच्या पक्षाला सरकार चालवण्यासाठी हरित पक्षाच्या पाठिंब्याची गरज पडली आणि हरित पक्षाने स्टॉकहोममध्ये पूर्ण प्रमाणावरचा प्रयोग ही अट घातली. त्यामुळे स्थानिक धोरणाचा निर्णय प्रत्यक्षात राष्ट्रीय वाटाघाटीत झाला आणि महापौरांना आपण दिलेला शब्द मोडावा लागला. नगर परिषदेने २००३ साली प्रयोगाला मंजुरी दिली, पण पुढची तीन वर्षे चर्चेत कराच्या गुणदोषांइतकाच शब्द मोडल्याचा मुद्दा राहिला.

*शुल्क की कर.* सुरुवातीला याला पर्यावरण शुल्क म्हटले जात होते. स्वीडनच्या राज्यघटनेनुसार पालिकेला आपल्या हद्दीत राहणाऱ्यांखेरीज इतरांवर कर लावता येत नाही, आणि पुलावरून जाणाऱ्याकडून सक्तीने घेतलेली रक्कम ही कायद्याच्या भाषेत करच ठरते. म्हणून २००४ साली संसदेला स्वतंत्र कायदा करावा लागला. कायदेशीर अडचण दूर झाली, पण त्याची किंमत अशी की पैसा राष्ट्रीय सरकारच्या तिजोरीत जाऊ लागला आणि तो कशावर खर्च व्हावा हे ठरवण्याचा अधिकार शहराच्या हातून गेला. त्या वेळी तांत्रिक वाटलेली ही गोष्ट पुढे निर्णायक ठरली.

*आधी प्रयोग की आधी मतदान.* या प्रकरणातले सर्वांत महत्त्वाचे वळण हे आहे. प्रयोग आधी करायचा, तो पूर्ण बंद करायचा आणि मगच लोकांना विचारायचे, असा क्रम ठरला. त्याच सुमारास एडिंबरा शहरात नेमका उलटा क्रम निवडला गेला. तिथे फेब्रुवारी २००५ मध्ये कर लागू होण्याआधीच मतदान झाले आणि सुमारे तीन चतुर्थांश मतदारांनी प्रस्ताव फेटाळला. न अनुभवलेल्या गोष्टीबद्दल मत विचारले की माणूस तिचा खर्च मोजतो, कारण तो डोळ्यांसमोर असतो. तिचा लाभ त्याला मोजताच येत नाही. पाच मिनिटे वाचणार, हवा थोडी स्वच्छ होणार, ही वचने कितीही खरी असली तरी ती वचनेच असतात.

*निविदा आणि विलंब.* करयंत्रणेचे कंत्राट देण्याच्या प्रक्रियेवर न्यायालयात हरकती आल्या आणि सुरुवात लांबली. सार्वमत सप्टेंबर २००६ च्या निवडणुकीबरोबरच घ्यायचे ठरले असल्याने शेवटची तारीख हलवता येत नव्हती, त्यामुळे प्रयोगाचा काळ आखडून सात महिन्यांवर आला.

प्रत्यक्ष कृती

२२ ऑगस्ट २००५ पासून वाढीव बससेवा सुरू झाली. १९७ नव्या बस आणि १६ नवे मार्ग आले, त्यांतले अनेक मार्ग उपनगरांतून थेट मध्यभागात आणणारे जलद मार्ग होते. मेट्रो आणि लोकल गाड्यांच्या स्थानकांजवळ मोटार लावून पुढे मेट्रोने किंवा लोकलने जाण्यासाठी वाहनतळही वाढवण्यात आले. कर मात्र अजून चार महिने लांब होता. प्रत्येक परिसंवादात ऐकू येणाऱ्या त्या वाक्याची ही आयती परीक्षा झाली. त्या शरद ऋतूत पुलांवरच्या मोटारी मोजल्या गेल्या तेव्हा त्यांच्या संख्येत दखल घेण्याजोगी घट आढळली नाही. बस चांगल्या होत्या, बसमध्ये आधीपासून बसणाऱ्यांची सोय झाली, पण मोटारवाला मोटारीतच राहिला.

३ जानेवारी २००६ ला कर सुरू झाला. पुलाच्या तोंडाशी रस्त्यावर आडव्या लोखंडी कमानी उभारल्या होत्या. अडथळ्याची दांडी नाही, पावती फाडणारा माणूस नाही, गाडी थांबवण्याचा प्रश्नच नाही. गाडी कमानीखालून जाताच यंत्राला तिची चाहूल लागे आणि कॅमेरा पुढच्या व मागच्या क्रमांकपट्टीचे छायाचित्र घेई. पैसे नंतर भरायचे. कमानीपूर्वी लावलेल्या फलकावर त्या क्षणी लागू असलेला दर झळकत असे. सकाळी ६.३० ते ७ दरम्यान पूल ओलांडला तर १० क्रोनर (स्वीडनचे चलन), ७ ते ७.३० दरम्यान १५, आणि ७.३० ते ८.३० या ऐन गर्दीच्या तासात २०. त्यानंतर दर पुन्हा १५ आणि १० वर उतरे, दुपारभर १० राही आणि संध्याकाळी ४ ते ५.३० दरम्यान पुन्हा २० वर चढे. संध्याकाळी ६.३० नंतर, रात्री आणि शनिवार-रविवारी काहीच नाही. आत येताना आणि बाहेर जाताना दोन्ही वेळा आकारणी होई, पण दिवसाची कमाल मर्यादा ६० क्रोनर. सात वाजून पंचवीस मिनिटांनी पूल गाठणाऱ्याला पाच मिनिटे उशीर झाला तर पाच क्रोनर जास्त पडत. रक्कम क्षुल्लक आहे, पण रोज सकाळी घरातून निघताना ‘आज गाडी काढायची का’ हा विचार तिने पहिल्यांदाच करायला लावला, आणि माझ्या मते यंत्रणेचे सारे सामर्थ्य त्या एका विचारात होते.

दोन सवलती इथे नोंदवायला हव्यात. शहराच्या ईशान्येला असलेल्या लिडिंग्यो बेटावरून बाकी देशात जायला करसीमेतून जाण्यावाचून दुसरी वाट नव्हती. तिथल्या रहिवाशांवर अन्याय होऊ नये म्हणून ३० मिनिटांच्या आत आरपार निघून गेल्यास कर माफ, असा नियम केला गेला. हा नियम मला फार विचारपूर्वक केलेला वाटतो, कारण त्याने पूर्ण गावाला सूट न देता ज्या परिस्थितीत अन्याय होतो तेवढीच वगळली. दुसरी सवलत एसिंगेलेडेन द्रुतमार्गाला होती. त्याच्यावरून मध्यभागाला बगल देणाऱ्यांकडून काहीच घेतले जात नव्हते. शेजारच्या नगरपालिकांची ती प्रमुख वाट होती आणि तिच्यावर कर लावला असता तर प्रयोग सुरूच झाला नसता.

परिणाम

वृत्तपत्रांनी गोंधळाचे भाकीत केले होते. पहिल्या दिवशी सकाळी मध्यभागात येणारे रस्ते मोकळे दिसले. जानेवारीचा पहिला आठवडा सुट्ट्यांचा असल्याने त्यावर विसंबण्यात अर्थ नव्हता, पण आठवडे उलटले, महिने उलटले आणि चित्र टिकले. करसीमा ओलांडणाऱ्या गाड्यांची संख्या आधीच्या तुलनेत सुमारे २२ टक्क्यांनी घटली. प्रयोगाचे उद्दिष्ट १० ते १५ टक्क्यांचे होते. गाड्यांची संख्या एक पंचमांशाने घटली तरी रांगेत जाणारा वेळ त्याहून कितीतरी अधिक प्रमाणात घटला: सकाळी सुमारे एक तृतीयांशाने आणि संध्याकाळी जवळजवळ निम्म्याने. रस्ता क्षमतेच्या काठावर असताना शेवटच्या थोड्या गाड्याच सगळ्यांना अडवून धरतात, त्यामुळे थोड्याच गाड्या बाजूला झाल्या की बाकीच्यांची वाट मोकळी होते. मध्यभागातील वाहनांचे कार्बन उत्सर्जन सुमारे १४ टक्क्यांनी उतरले. एसिंगेलेडेनवर मात्र वर्दळ काही प्रमाणात वाढली.

मग हे लोक गेले कुठे? कामाला आणि शिक्षणासाठी जाणाऱ्यांपैकी ज्यांनी गाडी सोडली ते बहुतेक सार्वजनिक वाहतुकीकडे वळले. पण नाहीशा झालेल्या फेऱ्यांचा मोठा भाग इतर कामांच्या प्रवासाचा होता: खरेदी, भेटीगाठी, किरकोळ कामे. त्या बसमध्ये गेल्या नाहीत. दोन फेऱ्यांची कामे एका फेरीत होऊ लागली, दुकान जवळचे निवडले जाऊ लागले, वेळ पुढे-मागे झाली. या सगळ्यात सर्वांत बोलका भाग पाहणीतला आहे. प्रश्न विचारले असता कितीतरी मोटारचालकांनी आपण आपल्या प्रवासात काहीच बदल केला नाही असे सांगितले, आणि तिकडे पुलांवर पाचातली एक गाडी कमी झालेली होती. गाडी चालवण्याची सवय आपण समजतो तितकी घट्ट नसते; माणसांच्या गरजा आठवड्यागणिक बदलत असतात, आणि त्या बदलांतून धोरण हळूच एखादी फेरी काढून घेते. ‘मोटारीवाचून गत्यंतर नाही’ हा समज एकेका माणसाच्या बाबतीत खरा असेल, पण पुलावरच्या सगळ्या गाड्यांना एकत्र धरून तो खरा नव्हता.

१ ऑगस्ट २००६ ला कर थांबला आणि गाड्या परतल्या. मात्र त्या पूर्ण परतल्या नाहीत. वर्दळ प्रयोगापूर्वीच्या पातळीपेक्षा ५ ते १० टक्क्यांनी कमीच राहिली. सात महिन्यांत काहींनी नवी सवय लावून घेतली होती आणि ती कर गेल्यावरही सुटली नाही.

१७ सप्टेंबरच्या सार्वमतात स्टॉकहोम शहरातील ५१.३ टक्के मतदारांनी कराच्या बाजूने कौल दिला. प्रयोग सुरू होण्यापूर्वी कराला साधारण एक तृतीयांश लोकांचाच पाठिंबा होता. १४ शेजारी नगरपालिकांनी आपापले सार्वमत घेतले आणि तिथे सुमारे ६० टक्के मते विरोधात पडली. त्याच दिवशी झालेल्या निवडणुकीत शहरात आणि देशात दोन्हीकडे सत्ताबदल झाला. करावर टीका करणारे पक्ष सत्तेत आले, आणि कर त्यांनीच कायम केला. हे कोडे वरकरणी वाटते तितके अवघड नाही. कर हा राष्ट्रीय सरकारचा झाला होता, पैसा त्याच्या हातात होता, आणि नव्या सरकारने तो स्टॉकहोम परिसरातील रस्त्यांसाठी वापरण्याचे ठरवले. त्यामुळे एकेकाळच्या विरोधकांना त्यात रस निर्माण झाला. २०११ च्या सुमारास कराला सुमारे ७० टक्के लोकांचा पाठिंबा होता.

काय वेगळे करता आले असते

शेजारच्या नगरपालिकांचा प्रश्न मला आजही अस्वस्थ करतो. रोज पूल ओलांडून येणारे लाखो लोक शहराच्या हद्दीबाहेर राहत होते. कर त्यांच्यावर पडत होता आणि निर्णायक मत मात्र शहरवासीयांचे धरले गेले. काटेकोरपणे पाहता शहराला आपल्या रस्त्यांबद्दल निर्णय घेण्याचा हक्क आहे, आणि त्या रस्त्यांवरचा धूर व आवाज शहरवासीयच सोसत होते. तरीही सगळ्या प्रदेशाची एकत्रित वाहतूक समिती आधी नेमली असती, नव्या बसमार्गांत त्या नगरपालिकांचे म्हणणे घेतले असते, तर विरोध इतका एकवटला नसता. पुणे आणि पिंपरी-चिंचवड, मुंबई आणि ठाणे यांच्या हद्दी जिथे एकमेकींना भिडतात तिथे हा प्रश्न जसाच्या तसा उभा राहील, कारण माणूस एका पालिकेत राहतो आणि दुसऱ्या पालिकेत गाडी चालवतो.

बसच्या बाबतीत निष्कर्ष काढताना सावधगिरी हवी. कराशिवाय बस पुरेशा ठरल्या नाहीत, यावरून बस अनावश्यक होत्या असे म्हणणे चूक होईल. कर लागू झाल्यावर सार्वजनिक वाहतुकीचे प्रवासी वाढले आणि त्या प्रवाशांना बसायला जागा लागत होती. पण नव्या बसवर आणि करयंत्रणेवर मिळून प्रयोगाचा एकूण खर्च सुमारे ३.८ अब्ज क्रोनर झाला. कर आधी आला असता तर नव्या प्रवाशांची गर्दी नेमकी कोणत्या मार्गांवर होते हे पाहून बस देता आल्या असत्या. राजकीयदृष्ट्या ते अशक्यच होते. पर्याय न देता कर लावला, ही टीका कोणत्याही सत्ताधाऱ्याला पेलली नसती.

पर्यायी इंधनावर चालणाऱ्या गाड्यांना दिलेली पूर्ण सूट ही मात्र टाळता येण्याजोगी चूक होती. कोंडी करणाऱ्या गाडीत इथेनॉल आहे की पेट्रोल, याने रांगेची लांबी बदलत नाही. सूट होती म्हणून अशा गाड्यांची विक्री वाढली आणि काही वर्षांतच पुलांवर कर न देणाऱ्या गाड्यांचे प्रमाण इतके वाढले की नव्या गाड्यांसाठी सूट बंद करावी लागली. उरलेल्यांची सूट २०१२ साली संपली. सूट सुरू करतानाच तिच्यावर शेवटची तारीख घातली असती तर हा गुंता झाला नसता. कामावर जाण्यायेण्यासाठी भरलेला कर प्राप्तिकराच्या वजावटीत धरायला २००७ नंतर परवानगी मिळाली, तीही धोरणाची धार बोथट करणारी होती.

आणि पैशाचा विनियोग. शहराला स्वतःच्या अधिकारात हा कर घेता आला असता, तर त्याचा पैसा बस, मेट्रो आणि पदपथ यांच्याकडे सुरुवातीपासून गेला असता. तसे न झाल्यामुळे मध्यभागातले गाडी चालवणे कमी करणाऱ्या कराचा पैसा शहराच्या पश्चिमेकडून जाणाऱ्या २१ किलोमीटरच्या बाह्यवळण मार्गाला मिळू लागला, ज्यातले सुमारे १८ किलोमीटर बोगद्यातून आहेत. पुढे झालेल्या वाटाघाटींत ही दिशा काही अंशी दुरुस्त झाली. १ जानेवारी २०१६ पासून गर्दीच्या वेळचा दर ३५ क्रोनरवर नेण्यात आला, इतकी वर्षे सूट भोगलेला एसिंगेलेडेनही कराच्या कक्षेत आला, आणि या वाढीव उत्पन्नातून मेट्रोचे नवे मार्ग शेजारच्या नगरपालिकांपर्यंत नेण्याच्या कामाला हातभार लागला. २०२० मध्ये दर पुन्हा वाढले.

बाह्यवळण मार्ग पूर्ण खुला होईल तेव्हा तो करसीमेच्या बाहेर असेल, आणि त्याच्या फाट्यांजवळची जमीन मेट्रोपासून दूर असली तरी मोटारीने गाठायला सोपी झालेली असेल. तिथे काय बांधू द्यायचे, किती वाहनतळ मागायचे आणि सार्वजनिक वाहतूक तिथे घरांच्या आधी न्यायची की नंतर, हे त्या त्या नगरपालिकेच्या नियोजन विभागाला ठरवायचे आहे. त्या निर्णयांचा परिणाम करसीमेच्या नाक्यांवरच्या मोजणीत दिसणार नाही, म्हणून मोजणीची नवी ठिकाणे रस्ता सुरू होण्याआधीच निश्चित करून तिथली आजची वर्दळ नोंदवून ठेवणे हे पुढचे काम आहे.